फरीदाची तीन वाक्यं

न्हावऱ्याच्या शाळेत जगदाळे मास्तर भविष्यकाळ शनिवारी शिकवायचे. शनिवारची शाळा सकाळची. दुपारी मुलं आपापल्या गावाला पांगत, आणि पांगण्याआधी अकरावीच्या, म्हणजे मॅट्रिकच्या वर्गातल्या प्रत्येकानं उभं राहून इंग्रजीत सांगायचं, की आपण पुढं काय करणार. उद्या, पुढच्या वर्षी, म्हातारपणी, कधीही. अट एकच होती, पुस्तकातलं वाक्य चालणार नाही.

पुस्तकात भविष्यकाळाला दोनच दारं होती, 'शाल' आणि 'विल'. कुणापुढं शाल आणि कुणापुढं विल याचा एक तक्ता होता आणि पोरं तो पाढ्यासारखा म्हणत. मास्तरांचा त्या तक्त्यावर फारसा विश्वास नव्हता. सावळाराम जगदाळे मूळचे दौंडचे. वडील रेल्वेत खलाशी, त्यामुळं लहानपण रुळांच्या कडेनं गेलं आणि अँग्लो-इंडियन ड्रायव्हरांचं इंग्रजी कानावर पडतच ते मोठे झाले. ती माणसं तक्त्याप्रमाणे बोलत नसत. मनाशी काही ठरवलं असेल तर 'गोइंग टू' म्हणत. सगळी जुळवाजुळव होऊन गेली असेल तर चालू वर्तमानकाळच वापरत, जणू माणूस आताच निघाला आहे. आणि गाडी उद्या सकाळी असली तरी स्टेशनमास्तर 'सुटते' असंच म्हणे, कारण ती कुणाच्या मर्जीवर नव्हती, वेळापत्रकात होती.

"आपल्याकडं 'जाईन' म्हटलं की उद्याचा दिवस त्या शब्दाच्या पोटातच असतो," मास्तर मुलांना सांगत. "इंग्रजी क्रियापदाला पोटच नाही. त्याला उद्या बाहेरून बांधावा लागतो, गाठोड्यासारखा. आणि गाठ कशी मारली यावरून कळतं, की बोलणाऱ्याचा इरादा किती पक्का आहे."

मुलांना गाठोडं आवडलं. पहिल्या शनिवारी वाक्यं भीतभीत आली. मग एका पोरानं सांगितलं, की मी आबांचा खिलारी बैल विकणार आहे आणि सायकल घेणार आहे. वर्ग खो खो हसला. दुसऱ्यानं सांगितलं, मी तालमीत जाणार नाही, मला पेटी शिकायची आहे. हे त्यानं मराठीत म्हटलं असतं तर संध्याकाळपर्यंत त्याच्या बापाच्या कानावर गेलं असतं. पण इंग्रजी कुणाच्याच घरात नव्हतं. मास्तरांच्या ध्यानात आलं, की ही मुलं मराठीत कुणाला सांगणार नाहीत ते इंग्रजीत सांगून मोकळी होत आहेत. त्यांनी तेव्हाच वर्गाला शब्द दिला, "इथलं इथंच." पुढं ती वर्गाची म्हणच झाली. तास संपला की कुणीतरी मागून ओरडायचं, "हितलं हितंच," आणि पोरं दप्तरं उचलायची.

फरीदा मणियार दुसऱ्या बाकावर बसायची. वर्गात मुली दोनच, ती आणि धुरपदा. फरीदाचे वडील इनुसभाई वडगाव रासाईचे. भीमेकाठच्या गावागावांतून बांगड्या भरत फिरायचे. मुलगी न्हावऱ्यात मावशीकडं, खातूनबीकडं राहून शिकत होती. मणियाराची मुलगी अकरावीपर्यंत आली याचं लोकांना नवल होतं, आणि इनुसभाईंना अभिमान होता. तो त्यांनी कधी बोलून दाखवला नाही. शाळेवरून जाताना बांगड्यांची पेटी खांद्यावरून उतरवून फाटकाशी उगाच थोडा वेळ टेकायचे, इतकंच.

ते १९५९ साल होतं. महाराष्ट्र अजून व्हायचा होता. गणपतीत शाळेचं संमेलन भरलं आणि त्याला शिक्षण खात्याचे एक साहेब पुण्याहून आले. हे संमेलन मास्तरांच्या दृष्टीनं साधं नव्हतं. शाळेला हेडमास्तर नेमायचा होता. शाळा चालवणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष हौसराव गावचे मोठे बागायतदार, आणि मास्तरांवर त्यांची मर्जी होती. "साहेबाला तुमचा तास आवडला पायजे," ते आदल्या दिवशी म्हणाले होते. "बाकीचं माझ्याकडं लागलं."

तेव्हा मास्तरांनी शनिवारचा तास मांडवात आणला.

पालक सतरंजीवर बसले होते, बायका उजव्या अंगाला. मुलं एकेक उठली आणि इंग्रजीत आपापला उद्या सांगू लागली. आईबापांना एक अक्षर कळत नव्हतं आणि त्याचीच पोरांना गंमत वाटत होती. बाप समोर बसलेला असताना खिलारीवाल्या पोरानं पुन्हा बैल विकला, आणि बापानं मान डोलावली. वर्ग ओठ दाबून हसत होता. साहेबही हसत होते, त्यांना सगळं कळत होतं.

फरीदा उठली. बापाकडं पाहिलं, डोक्यावरची ओढणी सारखी केली आणि एका दमात तीन वाक्यं बोलली. आवाज कापला नाही. शाल आणि विल यांतला फरक तिनं बरोबर पाळला होता, ठरवलेल्या गोष्टीला ठरवलेलीच गाठ मारली होती. साहेब खुर्चीत पुढं झुकले आणि इंग्रजीत म्हणाले, "उत्तम. ही मुलगी भाषा पाठ करत नाही, वापरते."

हौसरावांना साहेबांचा चेहरा दिसला. मांडवाला कळावं म्हणून ते मोठ्यानं म्हणाले, "काय म्हणाली ओ मास्तर? इनुसभाईला बी कळू द्या की. बाप समोर बसलाय."

सतरंजीवरून दोघंतिघं म्हणाले, "व्हय, सांगा, सांगा."

मास्तरांनी पुढं पुष्कळदा या क्षणाचा हिशेब मांडून पाहिला. त्यांना विचार करायला वेळ मिळाला नाही, असं नव्हतं. वेळ होता. ती म्हणते मी खूप शिकेन, असं सांगता आलं असतं. आईबापांचं नाव काढीन म्हणते, असं सांगता आलं असतं, त्यावर मांडव टाळ्या वाजवून मोकळा झाला असता. पण इंग्रजी जाणणारे साहेब शेजारी बसले होते. त्यांच्या देखत चुकीचा तर्जुमा करायचा म्हणजे आपल्याला इंग्रजी येत नाही असं दाखवायचं. आणि खरं सांगायचं तर एवढंही नव्हतं. वाक्यं सुरेख होती, ती आपण शिकवली होती, आणि ती किती सुरेख आहेत ते लोकांना दाखवायची मास्तरांना हौस आली.

त्यांनी शब्दाला शब्द ठेवून सांगितलं. "ती म्हणते, मी लग्न करणार नाही, नाहीच करणार. मी दौंडच्या दवाखान्यात नर्स होणार आहे, माझं ठरलंय. माझे वडील रडतील, पण मला भेटायला येतील."

मागून कुणीतरी फिसकन हसलं आणि ते हसू सतरंजीभर पसरलं. पुरुष हसले ते इनुसभाई रडतील या कल्पनेनं. बायकांच्या बाजूला कुजबुज झाली. शिरूरचे एक बांगड्यांचे दुकानदार, इलाहीभाई, इनुसभाईंच्या शेजारी बसले होते. ते आपल्या पुतण्यासाठी मुलगी डोळ्यांखालून घालायला आले होते, हे मास्तरांना नंतर कळलं. इलाहीभाई हसले नाहीत. त्यांनी आपल्या चपला शोधल्या, इनुसभाईंना सलाम केला आणि मांडवाबाहेर पडले.

फरीदा अजून उभीच होती. ती बापाकडं बघत नव्हती, मास्तरांकडं बघत होती. मास्तरांनी पुढच्या मुलाचं नाव पुकारलं.

सोमवारी फरीदा आली नाही. तो आठवडा गेला, पुढचाही गेला. धुरपदा बाकावर एकटीच बसे. शनिवारी तिची पाळी आली तेव्हा ती उठली आणि मराठीतच म्हणाली, "फरीदा आता यायची न्हाई, सर. तिच्या अब्बांनी वडगावला नेली. शिरूरचं मोडलं."

"तू तुझं वाक्य सांग."

"माझं काय न्हाई, सर." ती बसता बसता म्हणाली, "तुम्हीच म्हणला व्हता, हितलं हितंच."

मास्तरांनी फळ्याकडं तोंड केलं आणि उगाच एक जुनं वाक्य पुसून पुन्हा लिहिलं.

साहेबांचा शेरा चांगला आला. दसऱ्याला हौसरावांनी पेढे वाटले आणि जगदाळे मास्तर हेडमास्तर झाले. खुर्ची नवी होती, हातांची. त्या खुर्चीत बसून त्यांनी बरेच दिवस स्वतःशी वकिली केली. मी खोटं काय बोललो? तिनं चारचौघांत म्हटलं तेच मी चारचौघांत सांगितलं. लग्न मोडलं तर मुलीच्या मनासारखंच झालं की. हा शेवटचा मुद्दा फार बिनतोड होता, आणि तो सुचला की त्यांना स्वतःचीच किळस यायची. वडगावला जाऊन यावं असं रोज वाटे. पण शाळा, पगारपत्रकं, सहामाही, काही ना काही निघे. दिवाळी गेली. मार्चमध्ये मॅट्रिकला बसायचं तर मुलीनं आता शाळेत यायलाच हवं होतं. अखेर एका रविवारी त्यांनी सायकल काढली.

इनुसभाई ओसरीवर बसून बांगड्या निवडत होते. चिरा पडलेल्या एकीकडं, धड एकीकडं. प्रत्येक बांगडी नखानं टिचकी मारून कानाशी न्यायची आणि मग ठेवायची. मास्तरांना पाहून ते उठले, घोंगडी झटकून टाकली. आतून सुलतानबीनं, फरीदाच्या आईनं, चहा पाठवला. चहा धाकट्या बहिणीच्या हातून आला. दाराच्या पडद्याखाली दोन पावलं दिसत होती, ती आत गेली नाहीत आणि बाहेरही आली नाहीत.

"मुलगी हुशार आहे, इनुसभाई," मास्तरांनी सुरुवात केली. "तिचं वर्ष..."

"ते मला ठावं हाय, मास्तर." इनुसभाईंनी एक हिरवी बांगडी वाजवली आणि धडमध्ये ठेवली. "पोरगी काय बोलली त्याचं मला एवढं न्हाई. तिची आई दौंडला आजारी व्हती, तवा हीच उशाला व्हती. नर्सबायांच्या मागं मागं फिरायची. घरी येऊन धाकट्या बहिणीच्या हाताला पट्ट्या बांधत बसायची. मला काय डोळं न्हाईत व्हय? ती घरात बोलली असती तर मी ऐकलं असतं, न्हाईतर वरडलो असतो. पर ते माझ्या घरात झालं असतं. माझ्या घरातली गोष्ट मला हौसरावाच्या मांडवात कळली, तुमच्या तोंडनं."

इनुसभाईंनी पुढची बांगडी उचलली.

"मी दारोदार फिरणारा माणूस. बायाबापड्यांचा हात हातात घ्यायचा तर माणसाची अब्रू साफ लागती. आता कुठल्याबी गावात पेटी उतरवली की म्हाताऱ्या इच्यारतात, 'इनुसभाई, रडला का न्हाई अजून?' पोरी हसत्यात. एक जण म्हणली, आमच्या पोरीला तुमच्या हातचा चुडा नको बाबा, लग्नच नको म्हणायला लागल." हे सांगताना इनुसभाईही थोडे हसले. "टाळी द्यावी अशी बोलली. पर माझ्याच्यानं देववंना."

"मी काय करू सांगा."

"चार माणसांत बोलला, चार माणसांत मागं घ्या. म्हणा, माझं चुकलं, मला नीट कळलं न्हाई. पोरगी तसं बोललीच न्हाई."

"पण ती तसंच बोलली होती," मास्तर म्हणाले. शब्द तोंडातून गेल्यावर त्यांना कळलं, की आपण पुन्हा तेच केलं.

इनुसभाईंनी हातातली बांगडी खाली ठेवली. "मला ठावं हाय. हितं ओसरीवर दोघांना बी ठावं हाय. पर मला उद्या न्हावऱ्यात पेटी घेऊन जायचंय. चहा निवतोय, घ्या."

पडद्याखालची पावलं आता दिसत नव्हती.

परतताना मास्तर सायकल हातात धरून चालत आले. माणसाकडं आयुष्यभराची म्हणावी अशी एकच चीज असते, आणि त्यांच्याकडची म्हणजे अचूक इंग्रजी. वडील खलाशी, शेतीचा तुकडा नाही, गावात भावकी नाही. आपल्याला इंग्रजी येत नाही, असं त्याच गावासमोर म्हणायचं. एरवी कुणी असा आळ घेतला असता तर त्यांनी त्याच्याशी आठवडाभर वाद घातला असता. दुसरा काही मार्ग निघतो का ते त्यांनी पाहिलं. इनुसभाईंची माफी मागावी, मुलीची मागावी, तिला घरी जाऊन शिकवावं. या सगळ्यात मास्तर चांगले ठरत होते आणि इनुसभाई जिथले तिथं राहत होते. म्हाताऱ्या विचारतच राहणार होत्या.

पौषात हौसरावांनी नव्या हेडमास्तरांचा सत्कार ठेवला. तोच मांडव, तीच सतरंजी, साहेब मात्र नव्हते. शाल आली, नारळ आला, भाषणं झाली. इनुसभाई मागं खांबाशी उभे होते. पेटी पायाशी होती, बसले नव्हते. नारळ हातात धरूनच मास्तर बोलायला उभे राहिले. आधी आभार मानले, मग थांबले.

"गणपतीच्या संमेलनात मी इनुसभाईंच्या मुलीच्या बोलण्याचा अर्थ सांगितला होता," ते म्हणाले. "तो चुकीचा होता. भविष्यकाळात माझी गल्लत झाली. मुलगी तसं बोललीच नव्हती."

हौसरावांच्या भुवया वर गेल्या. "मग काय म्हणली व्हती?"

याची तयारी मास्तरांनी केली नव्हती. चूक कबूल करायची एवढंच ठरवलं होतं, तिच्या जागी काय ठेवायचं ते नाही. सगळा मांडव वाट पाहत होता. "ती म्हणाली," ते सावकाश म्हणाले, "आई आजारी होती, तेव्हा दौंडच्या नर्सनी तिला वाचवलं. ते मी कधी विसरणार नाही. आणि... आईबापांची सेवा करीन."

"आन् लग्न?" बायकांच्या बाजूनं कुणीतरी विचारलं.

"लग्नाचं काही बोललीच नाही."

"रडायचं बी न्हाई?"

"नाही."

आधी हळहळ उठली. "बघा, पोरीचं उगाच नाव झालं," साखरबाई म्हणाल्या. त्या हौसरावांच्या आई, गावात त्यांच्या शब्दाला वजन होतं. मग पुरुषांच्या बाजूनं खिलारीवाल्या पोराचा बाप उठला. "मास्तर, एक इच्यारू का? मग माझं पोरगं काय म्हणलं व्हतं? का ते बी तुम्हाला कळलं न्हाई?" मांडव हसला. हौसरावही हसले, पण त्यांचं हसू ओठापाशीच राहिलं. "च्यायला, हेडमास्तर करून बसलो आन् आता सांगताय इंग्रजी येत न्हाई. आधी सांगायचं व्हतं, शाल तरी वाचली असती."

मास्तरही हसले, कारण हसण्यावाचून दुसरं काही करता येत नव्हतं. खांबाशी इनुसभाईंनी टोपी नीट केली, पेटी उचलून खांद्याला लावली आणि निघून गेले. मान हलवली नाही की हात केला नाही. पण दुसऱ्या दिवशी बायकांनी त्यांना ओसरी-ओसरीवर बसवून पाणी दिल्याचं धुरपदानं सांगितलं. आणि सोमवारी फरीदा दुसऱ्या बाकावर येऊन बसली.

मास्तरांना वाटलं होतं, त्या दिवशी छातीवरचं ओझं उतरेल. शनिवारपर्यंत त्यांनी वाट पाहिली.

शनिवारी एकेक मूल उठलं. "उद्या सूर्य उगवेल." "माझा भाऊ बाजारात जाईल." "पाऊस पडेल." पुस्तकातली वाक्यं, तक्त्याप्रमाणे शाल आणि विल. एकही चूक नव्हती. खिलारीवाला पोरगाही म्हणाला, की आम्ही परीक्षेला बसू. फरीदाची पाळी आली. तिनं सांगितलं, "उद्या रविवार असेल." मास्तर म्हणाले, "बरोबर." तास संपल्यावर मागून कुणी ओरडलं नाही.

पोरं गेली. फरीदा दाराशी थांबली.

"सर, मी तसं नव्हते म्हणाले."

"हो."

"आता सगळी म्हणतात, फरीदा गुणाची पोर, मास्तरनं तिचं नाव उगाच घालवलं. साखरबाईंनी मला बोलवून गूळ दिला." तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "शिरूरचे इलाहीचाचा पुन्हा येणार आहेत. आता तर ते नक्कीच येणार."

हे मास्तरांच्या डोक्यात आलंच नव्हतं. "मी वडिलांशी बोलू का?"

"नको," फरीदा म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "तुम्ही नका बोलू, सर. दोनदा बोललात. एकदा माझं सगळ्यांना दिलंत आणि एकदा माझ्याकडचं काढून घेतलंत. मी अभ्यास करते फक्त."

ती अभ्यास करत राहिली. मास्तरांनी तिच्या वह्या तपासल्या, चुका लाल शाईत दाखवल्या, वेगळा शब्द कधी बोलले नाहीत. गावात त्यांना लोक अजून हेडमास्तर म्हणत, पण पारावर कुणी इंग्रजी तार घेऊन आलं की ती आधी पोस्टातल्या कारकुनाला दाखवू लागले. एकदा स्वतः हौसरावांनीच म्हटलं, "राहू द्या मास्तर, भविष्यकाळ असल त्यात." याचं मास्तरांना दुःख व्हावं तितकं झालं नाही. ही आपली शिक्षा आहे असं मानलं, की थोडं बरं वाटे. आणि बरं वाटलं की पुन्हा वाईट वाटे, कारण मुलीची शिक्षा तशीच होती.

मार्चमध्ये परीक्षा शिरूरला झाली. शेवटच्या पेपरला मास्तर मुलांबरोबर गेले होते. पेपर सुटला, पोरं एसटीच्या अड्ड्याकडं धावली. तिथं कडुनिंबाखाली फरीदा वळकटीवर बसली होती, आणि इनुसभाई नळावर तोंड धूत होते. मास्तरांना पाहून ते ओल्या हातांनीच आले. दोघं बाजूला, भिंतीच्या सावलीत उभे राहिले.

"पेपर बरा गेला म्हणती."

"चांगलाच गेला असणार."

इनुसभाईंनी धोतराच्या सोग्यानं चेहरा पुसला. "इलाहीभाई हितंच दुकानात हायत. आज संध्याकाळी बोलणं पक्कं करायचं म्हणतात. मला व्हय म्हणून बसायचंय." त्यांनी कडुनिंबाखालच्या मुलीकडं पाहिलं. "मास्तर, गावात तुम्ही माझा मान राखला. मी इसरायचो न्हाई. पर आता हितं आपण दोघंच हाय. ते मांडवातलं तुम्ही पहिल्यांदा सांगितलं व्हतं, ते आणखी एकदा सांगा. तिचं सगळं. मला ते शेवटचं नीट आठवत न्हाई. रडल म्हणली व्हती, ते ध्यानात हाय. लोकं तेवढंच बोलायची. त्याच्या म्होरं काहीतरी व्हतं."

मास्तरांना तिन्ही वाक्यं तोंडपाठ होती. महिनोन्महिने ती वाक्यं त्यांच्याबरोबर झोपली होती आणि उठली होती. त्याच्या पुढं काय होतं ते एका दमात सांगता आलं असतं. तेवढ्यानं कदाचित संध्याकाळचं बोलणं थांबलंही असतं. एवढी तरी भरपाई आपल्या हातून व्हावी, असं त्यांना फार वाटलं. जीभ उचललीही होती. मग त्यांनी कडुनिंबाकडं पाहिलं. फरीदा त्यांच्याकडंच बघत होती, मांडवात बघत होती तशी.

"मी नाही सांगत, इनुसभाई."

"का?"

"माझ्या तोंडून दोनदा ऐकलंत. आता तिलाच विचारा. मराठीत विचारा, घरातल्या बोलीत विचारा. ती सांगेल."

"आन् न्हाई सांगितलं तर?"

आपण मुलीचा मान राखतो आहोत की नुसते अंग काढून घेतो आहोत, हे मास्तरांना त्या घडीला सांगता आलं नसतं. नंतरही कधी आलं नाही. इनुसभाई "बरं" म्हणाले आणि वळले.

न्हावऱ्याची गाडी लागली. पोरांनी मास्तरांसाठी खिडकी धरली होती. कंडक्टर मोटारीच्या पत्र्यावर थाप मारत होता. खिडकीतून कडुनिंब दिसत होता. इनुसभाई वळकटीच्या दुसऱ्या टोकाला टेकले होते. आधी ते काहीतरी बोलले, थोडकंच. मग फरीदा बोलू लागली. ती जमिनीकडं बघून बोलत होती, हातानं वळकटीची दोरी सोडत आणि बांधत होती, आणि ती पुष्कळ वेळ बोलली. तीन वाक्यांहून कितीतरी जास्त.

"काय म्हणत असंल ओ, सर?" खिलारीवाल्या पोरानं मागून वाकून विचारलं.

"मला इथून ऐकू येत नाही," मास्तर म्हणाले.

गाडी हलली. वळणावर झाड दिसेनासं होण्याआधी इनुसभाईंनी डोक्यावरची टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली आणि सोग्याचं टोक डोळ्यांशी नेलं. तोंड तर त्यांनी मघाशीच पुसलं होतं. मास्तरांनी खिडकीची काच खाली ओढली आणि समोर बघत बसून राहिले.